चार नंबरच्या खोलीचे पाहुणे

१

गुरुवारी सकाळी अर्जुनराव दात घासत गॅलरीत आले आणि घासायचे थांबले. समोरच्या लॉजच्या पायऱ्या उतरून कडूबा येत होता. मागे त्याची बायको शालूबाई, हातात तीच जुनी निळी पिशवी.

हे जोडपं चिखलीकडचं, शेतकरी. शेगावला दर्शनाला आलं की वीस-बावीस वर्षं अर्जुनरावांच्या अन्नपूर्णा लॉजमध्येच उतरायचं, तेही खालच्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत. दुसरी खोली दिली तर शालूबाईंना झोप लागत नसे. आणि आज ही माणसं समोरच्याकडून निघत होती. अर्जुनरावांनी वरूनच हाक मारली. कडूबाने मान वर करून त्यांना पाहिलं, आणि एक शब्द न बोलता बायकोला घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळला. चोरी करताना सापडलेला माणूस वळतो तसा, असं अर्जुनराव नंतर दिवसभर सांगत होते.

एकटा कडूबा असता तर त्यांनी सोडूनही दिलं असतं. पण लॉजवर नवा फोन बसल्यापासून खालच्या मजल्यावरचे जुने पाहुणे एकेक करून नाहीसे झाले होते. मेहकरचे रिटायर मास्तर फिरकले नव्हते, नांदुऱ्याची भजनी मंडळी फिरकली नव्हती. वरच्या मजल्यावर फोनची बटणं दाबून खोली घेणारं नवं गिऱ्हाईक भरपूर होतं, खाली मात्र शुकशुकाट. आपली माणसं कुणीतरी फोडली, हे अर्जुनरावांनी आता डोळ्यांनी पाहिलं. आणि या माणसांना नावानिशी ओळखणारा लॉजवर एकच जण होता, काउंटरवर तीस वर्षं बसलेला इंद्रभान.

अर्जुनराव तडक खाली उतरले. इंद्रभानला म्हणाले, संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर जिन्यामागची खोली रिकामी कर. जिन्यामागची ती खोली म्हणजे इंद्रभानचं घर होतं, आणि त्याला दुसरं घर नव्हतं. तरी तो गप्प राहिला. या गप्प राहण्याचाच अर्जुनरावांना जास्त राग आला.

मग राग थोडा उतरल्यावर त्यांनी खामगावला सिंधूताई गवईंना फोन लावला.

२

सिंधूताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. अर्ध्या जिल्ह्याची सुखदुःखं त्यांच्या बोटांमधून इकडची तिकडे गेली. पुढे आपोआप जोडणारं एक्स्चेंज आलं आणि एका दुपारी त्यांचा बोर्ड ट्रकात चढवून नेला. त्यांना बिलाच्या खिडकीवर बसवलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी कान तसाच शाबूत होता. माणूस खोटं बोलायला लागला की शब्दाआधी त्याचा श्वास अडखळतो, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे खामगावात कुणाची पोत हरवली, कुणाच्या घरात भांडणाचं मूळ सापडेना, की लोक पोलिसांआधी ताईंकडे जात. पोलिसांचा याला आक्षेप नव्हता, त्यांचं काम कमी होत होतं.

अर्जुनरावांना त्या म्हणाल्या, येते. जीप शेगावात शिरली तसा ताईंनी अर्जुनरावांना एक मिस कॉल दिला, आणि स्टँडवर उतरल्या तेव्हा अर्जुनराव छत्री घेऊन उन्हात उभे होते. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं, कडूबाच्या वळण्यासकट.

लॉजच्या दारात शिरताच ताईंची नजर भिंतीवरच्या फोटोंकडे गेली. अर्जुनरावांचे वडील बापू आणि आई अन्नपूर्णाबाई. जिच्या नावाने लॉज, ती. ताईंना हसू आलं. त्यांच्या बोर्डावर या लॉजसाठी नागपूरहून कितीदा तरी ट्रंक कॉल यायचा, तो सुखदेव पाटील नावाच्या माणसाला. आणि हे सुखदेव पाटील उभ्या जन्मात कधी जागेवर सापडले नाहीत. दर वेळी अन्नपूर्णाबाई सांगायच्या, ते इथे नाहीत. फोटोखाली बापूंनीच रंगवून घेतलेली पाटी अजून होती. *फोनवर नाव-गाव सांगून बोलणी झाल्याशिवाय खोली राखून ठेवली जाणार नाही.* एकदा म्हणे राखलेल्या खोलीपायी लेकरूवाली बाई उन्हात बसून राहिली आणि राखणारा आलाच नाही, तेव्हापासून बापूंचा हा नियम.

काउंटरमागे इंद्रभान बसला होता. आता तिथे त्याला फारसं काम नव्हतं. येणाऱ्याला किल्ली द्यायची, जाणाऱ्याची घ्यायची. बोलायचं काम यंत्राकडे गेलं होतं. लॉजचा जुना साधा मोबाइल मात्र त्याच्या कोपराशी होता, चार्जरला लावलेला.

ताईंनी त्याची चौकशी केली, तब्येतीची, पाण्याची, गर्दीची. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, खालच्या मजल्याचे पाहुणे आधी खोली कशी सांगून ठेवायचे?

"फोन करत, बोलत, खोली घेत," इंद्रभान म्हणाला. "पाटीवर लिहेल हाये तसंच."

"कडूबा बी?"

"कडूबा बी."

दोन्ही वेळा शब्दाआधी त्याचा श्वास अडखळला. लॉजवरच्या तीस वर्षांच्या येण्याजाण्यात सिंधूताईंनी ज्याच्या आवाजावर विश्वास ठेवला तो माणूस समोर बसून खोटं बोलत होता.

३

अर्जुनरावांचा मुलगा गोकुळ पुण्याहून आला होता. नवा फोन त्यानेच बसवला. पोरगं गुणाचं, बापाला बसल्या जागी सुख व्हावं म्हणून केलं होतं सगळं. सिंधूआत्यांना त्याने खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि यंत्र समजावून सांगितलं. लॉजचा नंबर तोच, जुना. पण त्याच्यावर येणारा फोन आता काउंटरच्या मोबाइलवर न वाजता परस्पर यंत्राकडे जातो. यंत्र बोलतं, बटणं दाबायला लावतं, खोली पक्की करतं, वर मेसेजही पाठवतं. त्याने ऐकवलंही. एका गोड गळ्याची बाई म्हणाली, अन्नपूर्णा लॉजमध्ये आपलं स्वागत आहे, खोली आरक्षित करण्यासाठी एक दाबा.

"आणि आत्या, कुणाला ताटकळत ठेवायचं काम नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलतं," गोकुळ म्हणाला. यंत्राच्या सगळ्या गुणांत हा गुण त्याला जास्त आवडत होता.

बाईचा आवाज ऐकून मधेच फोन ठेवणारे किती, असं ताईंनी विचारलं. तो म्हणाला, असतात पुष्कळ, सुरुवातीला लोक बावचळतात, होईल सवय. ते कोण हे कळत नाही, कारण बटण न दाबणाऱ्यांचे नंबर ठेवू नका असं त्यानेच कंपनीला सांगितलं होतं. उगाच कचरा कशाला.

इंद्रभानकाकांबद्दल विचारल्यावर मात्र तो खाली बघू लागला. काकांच्या अंगाखांद्यावर वाढला होता तो. म्हणाला, मला खरं वाटत नाही. पण यंत्र आल्यापासून काका कुणाशी नीट बोलत नाहीत. त्यांची जागा गेली असं त्यांना वाटत असेल, आणि रागात माणूस काहीही करतो.

ट्रकात चढणारा बोर्ड सिंधूताईंना अजून दिसायचा. त्या दिवशी त्यांनाही काहीही करावंसं वाटलं होतं. आता आपल्याला इंद्रभान निर्दोष असावा असं वाटतंय, ते त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्यांचं त्यांनाच समजेना. आणि त्यातून कान सांगत होता की तो खोटा बोलतोय.

मागच्या अंगणात छाया चादरी वाळत घालत होती. ती दोन्ही लॉजच्या चादरी धुते, म्हणून अर्जुनरावांचा तिच्यावरही थोडा संशय होता. निरोप इकडून तिकडे न्यायला तिच्याइतकं सोयीचं कोण? ताई दोरीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या आणि बोलत्या झाल्या. छायाने हात न थांबवता सांगितलं की समोरचा मालक ज्ञानेश्वर कुणाला बोलवायला जात नाही, माणसं आपल्या पायांनी येतात. तो तर स्वतःच बुचकळ्यात पडला आहे. परवा म्हणत होता, ही अन्नपूर्णावाली माणसं माझ्याकडे येऊन तोंड पाडून काऊन बसतात?

"अन् बाई, खरं सांगू का," छाया म्हणाली. "मले तर कीव येते. दर बुधवारी सांजच्यानं इंद्रभानदादा सोता झाडू घेते. तीन नंबर, चार नंबर झाडते. घागर भरून ठेवते, धुतल्या चादरी टाकते. म्या म्हनलं, कोन येऊन राह्यलं? तर म्हने, येतीन. अन् गुरुवारी दुपारी त्याच चादरी मले परत धुवाले देते. कोनी आंगाले लावेल नसते त्या."

सिंधूताई दोरी सोडायच्या विसरल्या. पाहुण्यांना समोर धाडणारा माणूस त्यांच्यासाठी घागर कशाला भरून ठेवील?

४

त्या परत काउंटरवर गेल्या. इंद्रभान पाणी प्यायला उठला होता. जुना मोबाइल तसाच चार्जरला होता. फोन येतात यंत्राकडे, मग न वाजणाऱ्या मोबाइलला हा माणूस रोज जेवू घालतो कशाला? ताईंनी तो उचलून पाहिला. मागची पट्टी रबराने बांधलेली, फोन लावायचं हिरवं बटण बोटाने घासून गेलेलं. कुठलाही गुप्त संदेश त्यात नव्हता. रिकामा होता फोन, बिचारा.

आता उरले ते पळालेले पाहुणे. कडूबा दर्शनाच्या रांगेत होता, शालूबाई समोरच्या लॉजच्या ओट्यावर पाय मोकळे करून बसल्या होत्या. ताई शेजारी जाऊन बसल्या. आधी गुडघ्यांची चौकशी झाली, मग सुनांची, मग सोयाबीनची. मग ताईंनी सरळ विचारलं, अन्नपूर्णावर का नाही उतरलात?

शालूबाईंनी पदराने डोळे टिपले. त्यांना रडू येईल असं ताईंना वाटलं नव्हतं.

"आमाले काय हौस हाये का बाई इथी राह्याची? इथी भिंत बी वळखीची नाई. पन इंद्रभाननं नाई म्हनलं, मंग कसं जा?"

"नाई म्हनला? कवा?"

"बुधवारी. मांगल्या खेपेले बी, या खेपेले बी. आमच्या यायनं म्हनलं, असन खोली भरेल. म्या म्हनलं, दोनदोन खेपा कशी भरेल असन? त्याले आता आमी नको झालो. फोनवर बाई बसोली म्हनते त्यानं. मोठी माणसं येत असतीन आता."

सिंधूताईंनी हळूच विचारलं, नाही म्हणाला म्हणजे नेमकं काय बोलला इंद्रभान?

शालूबाईंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. शहरातल्या बाईला एवढंही कळू नये, असा तो चेहरा होता.

"काईच नाई बोलला. काई बोललाच नाई, म्हनून तं समजलं ना."

किती रिंगा देऊन ठेवायचा असतो, ते ताईंनी शालूबाईंना विचारून घेतलं. मग त्यांनी पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढला, अन्नपूर्णा लॉजचा नंबर लावला, आणि दोन रिंगा वाजवून ठेवून द्यायचा म्हणून बोट तयार ठेवलं. दुसरी रिंग वाजलीच नाही. गोड गळ्याची बाई बोलायला लागली, आपलं स्वागत आहे.

५

दुपार कलली तेव्हा ताईंनी चौघांना काउंटरपाशी गोळा केलं. अर्जुनराव, गोकुळ, दारात टेकून उभी छाया, आणि इंद्रभान. इंद्रभानने जिन्यामागच्या खोलीतली पेटी आधीच भरून बाहेर आणून ठेवली होती. ती पेटी पाहून गोकुळचा चेहरा उतरला. सगळ्यांनी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

"अर्जुनराव," ताई म्हणाल्या, "सकाळी म्या स्टँडवर उतरली तवा तुमी छत्री घेऊन उभे होते. तुमाले कोनं सांगतलं का म्या पोचली म्हनून?"

"तुमीच तं सांगतलं, ताई."

"म्या काय बोलली?"

अर्जुनराव बोलायला गेले आणि थांबले. ताई बोलल्या काहीच नव्हत्या. एक मिस कॉल आला होता, तो बघून ते छत्री उचलून निघाले होते.

मग ताईंनी सगळं उलगडलं. खालच्या मजल्याचे पाहुणे फोनवर कधी बोलतच नव्हते. बुधवारी दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. इंद्रभान नंबर बघायचा, हा कडूबा, हे मास्तर, ही नांदुऱ्याची मंडळी. खोली असली की तोही दोन रिंगा परत द्यायचा. खोली ठेवली, या. नसली तर तो गप्प, मग त्यांनी समजून घ्यायचं. बोलण्याचे पैसे लागायचे त्या काळात हे सुरू झालं आणि पुढे बोलणं फुकट झालं तरी कुणी सोडलं नाही, कारण एव्हाना ती त्यांची आपापसातली रीत झाली होती. मग यंत्र आलं. ते पहिली रिंग पुरी होण्याआधीच उचलतं. त्यामुळे कुणाचाही मिस कॉल मिस होईना. कडूबाच्या कानात बाई बोलली, त्याने गडबडून ठेवून दिला. इंद्रभानचा मोबाइल वाजलाच नाही, म्हणून त्याने परत रिंग दिली नाही. आणि रिंग परत आली नाही, याचा कडूबाच्या लेखी एकच अर्थ होता.

"पण मग विचारायचं ना," गोकुळ म्हणाला. "इतकी वर्षं येतायत. नीट फोन करून विचारायचं."

"ज्यानं नाई म्हनलं त्याले तोंडावर इचारून लाजवाचं का, पोरा?" ताई म्हणाल्या. "म्हनून तं सकाळी कडूबा न बोलता वळला. अर्जुनराव, तुमाले वाटलं चोर हाये. तो रुसेल होता."

इकडे इंद्रभानही रुसला होताच. त्याला वाटलं, माणसं यंत्राशी बोलून खोल्या घेऊ लागली, आता आपल्याला रिंग कशाला देतील? तरी तो रोज मोबाइल चार्ज करायचा, दर बुधवारी चार नंबर झाडायचा, घागर भरायचा. पलीकडची माणसं आपल्याला विसरली असं समजून दोन्हीकडची माणसं झुरत होती, आणि चोरी काही झालीच नव्हती.

"मग हा सकाळी बोलला काऊन नाही?" अर्जुनरावांचा आवाज पुन्हा चढला. "म्या पेटी भराले सांगतली, तरी तोंड उघडलं नाई त्यानं."

ताईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बोलणी झाल्याशिवाय खोली राखायची नाही. इंद्रभानने तीस वर्षांत कितीतरी बुधवारी हा नियम मोडला होता, बापूंच्या नजरेआड. स्वतःला वाचवायचं तर ते कबूल करावं लागलं असतं.

तेव्हा कुठे इंद्रभान बोलला. "बापूईनं मले रस्त्यावरून आणून इथी बसोलं, भाऊ. त्याईचा सबुद म्या मोडला. आता कोन्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा चोर म्हना."

या वेळी त्याचा श्वास कुठेही अडखळला नाही. अर्जुनराव मात्र पाटीकडे बघत राहिले. बापूंचा नियम म्हणजे त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट होती, आणि तो मोडणाऱ्याला काय म्हणावं हे त्यांना सुचत नव्हतं. पेटी अजून दारातच होती.

६

"अर्जुनराव," सिंधूताई म्हणाल्या, "सुखदेव पाटील आठवते का तुमाले?"

अर्जुनरावांना लहानपणीचं अंधुक आठवत होतं. आई फोनवर कुणाला तरी सांगायची, सुखदेव पाटील इथे नाहीत. आणि फोन ठेवून हसायची, मग दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर असायचं. हे पाटील कोण, असं त्यांनी एकदा विचारलं तर तिने लाडू दिला होता.

ताईंनी सांगितलं. बापू सामान आणायला नागपूरला जायचे. पोहोचल्यावर साधा ट्रंक कॉल करायचा तर बराच खर्च. पण ठराविक माणसासाठी कॉल मागितला आणि तो माणूस जागेवर नसला, तर नाममात्र आकारात भागायचं. म्हणून बापू कॉल मागायचे सुखदेव पाटलांच्या नावाने. ऑपरेटरने इकडे विचारायचं, सुखदेव पाटील आहेत का? अन्नपूर्णाबाई म्हणायच्या, नाहीत. झालं. तिला कळलं की नवरा सुखरूप पोहोचला, त्याला कळलं की घरी सगळं ठीक. नवरा-बायको एकमेकांशी एक अक्षर न बोलता बोलून मोकळे व्हायचे. मधली ऑपरेटर सिंधू होती, नवी नवी नोकरीला लागलेली. तिला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं, आणि खात्याच्या नियमाप्रमाणे तिने ते वर कळवायला हवं होतं.

"म्या कळवलं नाई," ताई म्हणाल्या. "तुमच्या मायच्या आवाजात ते 'नाहीत' इतकं गोड येत जाय, का म्या वाट पाहो त्या कॉलची. ज्या बापूईनं ही पाटी लावली ना, त्याईले बिन बोलता बोलनं माह्यापेक्षा बरं समजत होतं."

अर्जुनरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. गोकुळ खाली बघत होता. मग तो इंद्रभानकडे वळून म्हणाला, "काका, मी होस्टेलला होतो तेव्हा पुण्याला पोहोचलो की लॉजवर दोन रिंगा द्यायचो."

"हाव. अन् म्या मंगच्या मंग आतमंदी तुह्या मायले सांगो, वहिनी, पोरगं पोचलं."

"मी कसं विसरलो ते?"

गोकुळने लॅपटॉप उघडला. त्याने यंत्राला नवा हुकूम दिला. फोन आला की आधी काउंटरचा मोबाइल वाजू द्यायचा, निवांत वाजू द्यायचा. कुणीच उचलला नाही आणि समोरच्यानेही ठेवला नाही, तरच बाईने बोलायचं. बाई नोकरीवर राहिली, फक्त तिची रांगेतली जागा बदलली. अर्जुनराव उठले. माफी बिफी मागण्यातले ते नव्हते. त्यांनी बापूंची पाटी खिळ्यावरून काढली, धूळ झटकली आणि चार नंबरच्या खोलीतल्या घागरीवर झाकण म्हणून नेऊन ठेवली. येताना इंद्रभानची पेटी उचलून जिन्यामागे ढकलली.

"पाहतं काय बे," ते इंद्रभानला म्हणाले. "फोन लाव की कडूबाले. का त्याले बी म्याच बोलावू?"

इंद्रभानने रबर बांधलेला मोबाइल चार्जरवरून काढला. बोट घासलेल्या बटणावर गेलं. दोन रिंगा, आणि त्याने ठेवून दिला. मग ते सगळे उगाचच रस्त्याकडे तोंड करून बसले. छायाने चहा आणला. तो संपायच्या आधी कोपऱ्यावर निळी पिशवी दिसली. कडूबा पुढे, शालूबाई मागे. कडूबा पायरीपाशी येऊन थांबला आणि इंद्रभानकडे न बघता म्हणाला की बस चुकली, आजची रात थांबा लागते, खोली असन तं.

चिखलीची बस अजून स्टँडवर लागलीही नव्हती. सिंधूताईंनी त्याचा अडखळलेला श्वास ऐकला आणि दिवसातलं हे खोटं त्यांनी तसंच सोडून दिलं. इंद्रभानने चार नंबरची किल्ली पुढे केली. कडूबाने ती घेतली, आणि मग दोघंही लहान पोरांसारखे भलतीकडेच बघत राहिले.

उजेड असतानाच ताई निघाल्या. गोकुळ जीपपर्यंत सोडायला आला. इंद्रभानही आला, आणि जीप सुरू होताना खिडकीशी वाकून म्हणाला, "पोचल्यावर रिंग देजा, बाई."

वाटभर ताईंच्या मनात तेच घोळत होतं. हजारो माणसं सुखरूप पोहोचल्याची खबर त्यांनी दुसऱ्यांच्या घरी पोहोचवली होती. पण त्यांची स्वतःची वाट पाहणारं घरात कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळे पोहोचल्याचं कुणाला कळवायचं असतं ही सवयच मोडली होती. खामगावच्या घराचं कुलूप काढून त्या आत आल्या, दिवा लावला, चपला कोपऱ्यात ठेवल्या. मग खाटेवर बसून त्यांनी अन्नपूर्णा लॉजचा नंबर लावला. एक रिंग वाजली. दुसरी वाजली. त्यांनी ठेवून दिला.

फोन मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने तो वाजला, दोनदा, आणि थांबला.